सुकाणूवर माझी जाऊ

माझ्या जावेनं, पार्बताबाईनं, भर समुद्रात लाँच हाकली हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. पहिल्याच ओळीत लिहून टाकते, म्हणजे पुढे कोणी फाटे फोडायला नको. गेल्या उन्हाळ्यात चांदूर रेल्वेला एका लग्नात आमच्याच नात्यातला एक शहाणा पंगतीत बसून ही हकीकत रंगवून सांगत होता. त्याच्या गोष्टीत लाँच हाकली कोणी, तर माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे पार्बताबाईच्या नवऱ्यानं! मी वरण वाढत होते. बादली खाली ठेवली आणि विचारलं, "तू होता का रे त्या लाँचीत? मी होती." पंगत हसली, त्यानं तोंडात घास कोंबला आणि विषय संपला. माझा मात्र संपला नाही. मी चौथी पास आहे, आणि खरं लिहायला तेवढं शिक्षण पुरतं.

पार्बताबाईचं माहेर बार्शीटाकळीचं. तिचे वडील नत्थुजी वांगी, मेथी आणि झेंडूची फुलं पिकवून अकोल्याच्या बाजारात नेत. त्यांना मुलगा नव्हता. विहिरीवर मोट तर रोज चालली पाहिजे, म्हणून दहाव्या वर्षी पोरीच्या हातात बैलांचे कासरे दिले. ज्यांनी मोट पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. बैल उतारावरून खाली चालतात, त्यांच्या मागच्या दोरानं पाण्यानं भरलेली चामड्याची मोट विहिरीतून वर येते. भरलेली मोट वर ओढताना बैलांना जोर द्यायला लावायचा आणि ती काठाशी पोचली रे पोचली की नेमक्या वेळी ढील द्यायची. ढील द्यायला उशीर झाला तर मोट दगडावर आपटते, दोर तुटतो, आणि मग बापाच्या शिव्या. दिवसातून दोनशे वेळा हेच. नत्थुजी विहिरीच्या काठावरून ओरडायचे, जोराला "दे!" आणि ढिलीला "सोड!" एवढ्या दोन शब्दांवर तिचं लहानपण गेलं.

लग्न होऊन ती अंजनगाव सुर्जीला आमच्या घरात आली. आमचंही घर माळ्याचंच, भाजी, फुलं आणि थोडा पानमळा. पानवेलीला बारा महिने पाणी लागतं. पार्बताबाई इथंही मोटेवर उभी राहिली. कधी ती बैलांपाशी आणि भासरे काठावर, कधी उलट. सासूबाईंना, तानुबाईंना, ते आवडत नसे. "सून आनली का बैल आनला?" असं त्या शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणत. मी पाच वर्षांनी त्या घरात आले आणि खरं सांगायचं तर मलाही ती आवडली नाही. तिचा आवाज मोठा, चाल भराभर, हसणं दारापर्यंत जाणारं. मी गोरी, नाजूक, चौथी पास. मला वाटे, हिच्यापुढे मी उठून दिसते. प्रत्यक्षात काम पडलं की सगळं घर हाक तिलाच मारायचं, आणि मी धुसफुसत भाकरी थापायची.

भासऱ्यांना इंजिनाचं वेड. अकोल्याच्या कापसाच्या जिनात ते इंजिनावर राहिले, आवाज ऐकून दुखणं सांगायला शिकले. त्या जिनाच्या मालकाच्या एका व्याह्यानं कोकणात, सावरी नावाच्या खाडीवर, माणसं ने-आण करायला एक लहान लाँच घेतली होती. तिचं इंजिन रोज रुसायचं. भासऱ्यांना तिकडे बोलावणं आलं आणि ते गेले. पार्बताबाईही गेली. वऱ्हाडातलं माणूस, पोहायला शिकलेलं विहिरीत, आणि राहायला गेलं समुद्राकाठी! गावानं तोंडात बोटं घातली. सासूबाईंनी तर सुतक असल्यासारखा चेहरा चार दिवस ठेवला.

ही लाँच म्हणजे काही आगबोट नव्हे. बारा-चौदा माणसं दाटीवाटीनं बसतील एवढी लाकडी होडी, मध्ये पेटीत इंजिन, मागे सुकाणू. मोठी आगबोट खोल पाण्यात बाहेर उभी राही आणि ही लाँच बंदरातून तिच्यापर्यंत उतारू पोचवी. लाँचवर दोनच माणसं. सुकाणूवर गावचा म्हातारा तांडेल आणि इंजिनावर भासरे. पार्बताबाईनं खोपटामागे वांगी लावली होती. तांडेलाला तिच्या हातचं वांग्याचं भरीत आणि झुणका-भाकर फार आवडे. संध्याकाळी खाडीत लाँच रिकामी फिरत असली की तो भाकरी खायचा आणि सुकाणू तिच्या हाती द्यायचा. तिला तेवढा सराव होता. खाडीतला. समुद्रातला नाही.

सदतीस सालच्या दिवाळीनंतर मी आणि माझे यजमान, भगवंतराव, आठ दिवस तिकडे पाहुणे म्हणून गेलो. परत निघायच्या दिवशी सकाळी आठला आगबोट यायची होती. ती आम्हाला मुंबईला नेणार, तिथून रेल्वेनं मूर्तिजापूर आणि पुढे घर. मला निरोप द्यायला पार्बताबाई लाँचमध्ये बसली. आमच्याखेरीज आणखी सहा उतारू होते. ऊन छान पडलं होतं, वारा म्हणून नव्हता. पण पाणी खालून फुगत होतं आणि बसत होतं, लांबच लांब, आवाज न करता. तांडेलानं ते दोनदा पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. तेवढ्यात आगबोटीचा धूर दिसला. धूर दिसला की लाँच निघालीच पाहिजे असा मालकाचा नियम होता, म्हणून आम्ही निघालो.

खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा मोठा दांडा आहे. तो ओलांडून आम्ही बाहेर गेलो आणि थांबलो. आगबोट आली, लांबच उभी राहिली, तीनदा भोंगा वाजवला आणि निघून गेली! मला वाटलं, आपण बसायचे राहिलो. तांडेल म्हणाला, "ती पळाली. आपन पन पळायचा." त्याचं वाक्य संपेपर्यंत नैऋत्येकडून वारा आला. मघाशी नुसतं फुगणारं पाणी आता भिंतीसारखं उभं राहून येऊ लागलं. तांडेलानं लाँच वळवायला घेतली, एक लाट बाजूनं आली, आणि म्हातारा उडून इंजिनाच्या पेटीच्या लोखंडी कडेवर पडला. कपाळातून रक्त. डोळे मिटलेले.

सुकाणू मोकळं झालं आणि लाँच आडवी झाली. भासऱ्यांना इंजिन सोडता येईना, कारण ते एकदा बंद पडलं असतं तर सगळंच संपलं असतं. भगवंतराव माझ्या मांडीवर डोकं ठेवून ओकत होते. पार्बताबाई गुडघ्यांवर रांगत मागे गेली, लुगड्याचा काचा घट्ट ओढला आणि सुकाणूचा दांडा काखेत दाबून धरला.

आता आमची चूक सांगते, कारण चूक आम्हा वऱ्हाडी माणसांची होती आणि ती दुसऱ्या कोणाकडून झाली नसती. आमच्याकडे पाणी चवताळलं म्हणजे नदीला पूर. पूर आला की काय करायचं हे पाच वर्षांच्या लेकरालाही ठाऊक असतं. काठ धरायचा. पूर्णेच्या पुरात सापडलेला माणूस पाहतो कुठे, काठाकडे. आम्ही तिघं ओरडलो, "काठ! काठाले घे!" त्या सहा उतारूंना जमीन दिसत होती, तेही आमच्यात मिसळले. पार्बताबाईनंही तेच केलं. तिनं लाँचचं तोंड जमिनीकडे केलं.

वाळूच्या दांड्यापाशी पोचलो तेव्हा मागून आलेल्या लाटेनं लाँचची शेपटी उचलली. आम्ही उतारावरून सुटलेल्या गाडीसारखे खाली धावलो, पुढचं तोंड पाण्यात घुसलं, लाँच गर्रकन आडवी वळली आणि हिरवं पाणी आमच्या अंगावरून गेलं. मी मेले असं मला वाटलं. हे असं सहज लिहिता येतं, पण तेव्हा मला माझ्या आईचा चेहरा दिसला. भासऱ्यांनी इंजिनाला होता नव्हता तेवढा जोर दिला, पार्बताबाईनं सगळं अंग सुकाणूवर टाकलं आणि लाँच कशीबशी सरळ झाली. गुडघाभर पाणी आत होतं.

तेव्हा तिनं मान वर करून पुढे पाहिलं, मग मागे पाहिलं. पुन्हा पुढे. एवढ्या गोंधळात ती बाजारात वांगी निवडतात तसं पाहत होती. म्हणाली, "काठाजवळ लाटा फुटून राह्यल्या. तिकडं बाहीर मोठ्या हायेत, पन फुटत नाई. मी बाहीर नेऊन राह्यली."

बाहेर! म्हणजे जमिनीकडे पाठ करून, त्या उभ्या भिंतींकडे तोंड करून! लाँचमध्ये एकच कल्लोळ झाला. भगवंतराव ओकता ओकता थांबून म्हणाले, "वैनी, मारता का आमाले?" एका उतारूनं तिला भवानी म्हटलं, दुसऱ्यानं त्याहून वाईट. भासरे इंजिनापासून गरजले, "पार्बता! काठाले घे म्हन्तो ना!" मी तर उभी राहून किंचाळले, "जाऊबाई, डोस्कं फिरलं का तुमचं? काठ तिकडं हाय!" तिची नजर लाटांवर होती. दोन लाटांच्या मधलं सपाट पाणी आलं तेव्हा तिनं सुकाणू लोटलं आणि लाँच समुद्राकडे वळवली.

पहिल्या मोठ्या लाटेवर आम्ही पूर्ण जोरात चढलो. माथ्यावरून लाँच हवेत गेली आणि पलीकडे खाली आपटली. खालची फळी कुठेतरी कडाडली. अशा चार आपट्या बसल्या असत्या तर लाँच उकलली असती. पार्बताबाईनं ओरडून सांगितलं, "अवो! मोट! मोट समजा!"

भासऱ्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं. मला त्या दोघांमधलं ते पाहणं अजून आठवतं. नवरा-बायकोनं एकमेकांना असं पाहिलेलं मी आमच्या घरात कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि हात इंजिनाच्या दांडीवर ठेवला.

पुढची लाट आली. "दे!" ती ओरडली. इंजिन गरजलं, लाँच चढू लागली. माथा जवळ आला. "सोड!" इंजिन मंद झालं, आणि लाँच माथ्यावरून अलगद पलीकडे उतरली, मोट काठावर टेकावी तशी. खाली पोचताच, "दे!" मग "सोड!" लाट सरळ नाकावरही घ्यायची नाही आणि कुशीवरही नाही, थोडी तिरपी घ्यायची, हे तिला दोन-तीन लाटांत उमगलं. आमच्या बांधावरून भरली गाडी तशीच काढतात. तिनं उतारूंना दरडावून मधोमध खाली बसवलं. "उभा राहील त्याले मीच ढकलीन," म्हणाली, आणि मघाचा तो भवानी म्हणणारा सगळ्यात आधी बसला. माझ्या हातात तिनं घमेलं दिलं. मी पाणी उपसायला लागले.

तासाभरानं इंजिन खोकलं. भासऱ्यांनी पाहिलं, तर ज्या डब्यातून इंजिनाला ठिणगी मिळते तो डबा भिजत होता. त्याला झाकायला कोरडं काही हवं होतं. लाँचमध्ये कोरडं एकच होतं. पार्बताबाईनं मला भेट दिलेलं नवं इरकली लुगडं, माझ्या ट्रंकेत, मेणकापडात गुंडाळलेलं. आता भासऱ्याशी भावजय बोलत नाही, त्याच्या हातात हात लागेल असं काही देत नाही, हे आमच्याकडचं वळण. मरणाच्या दारातही माझ्या अंगातून ते वळण गेलं नाही! मी डोक्यावरचा पदर सावरला आणि ते लुगडं लांबूनच त्यांच्या अंगावर फेकलं. ते थेट त्यांच्या तोंडावर बसलं. पार्बताबाई त्या वादळात खदखदून हसली. भासऱ्यांनी डबा पुसला, लुगड्यात गुंडाळला, आणि इंजिन पुन्हा नीट बोलू लागलं.

असं किती वेळ? नऊच्या सुमारास ती सुकाणूवर बसली आणि दुपारचे दोन झाले. पाच तास दे आणि सोड. तिचा आवाज बसला, तेव्हा ती हात वर करून आणि खाली करून सांगू लागली. ऊन दिसत नव्हतं, जमीन कधी दिसे, कधी नाही. मधेच तांडेलानं डोळे उघडले. त्यानं कपाळावर बांधलेल्या चिंधीला हात लावला, सुकाणूवर कोण आहे ते पाहिलं, लाँचचं तोंड कुठे आहे ते पाहिलं, आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "भायेरच ऱ्हावा, वैनी. भरती पुरी भरूंदे. मग दांड्यावर पानी होईल."

"तेच करून राह्यली," ती म्हणाली.

लाँचमधली शिवीगाळ तिथं संपली. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस जे सांगत होता, ते बार्शीटाकळीच्या माळ्याची पोर आधीच करत होती. पाणी उपसता उपसता मी रडत होते आणि मला तिचा अभिमान वाटत होता. जावेला जावेचा अभिमान, ही गोष्ट आमच्या अंजनगावात सांगितली तर लोक म्हणतील बाईला बाधा झाली.

भरती भरली. आत जाताना काय करायचं ते तांडेलानं पडल्या पडल्या सांगितलं. मोठ्या लाटा ओळीनं येतात, त्या जाऊ द्यायच्या. मग येईल तिच्या पाठीवर राहायचं. तिच्या पुढे पळायचं नाही आणि मागचीला गाठू द्यायचं नाही. पार्बताबाईनं तीन लाटा जाऊ दिल्या. चौथीच्या मागे लाँच घातली. भासऱ्यांचा हात आणि तिचा हात, दोघांत आता शब्दही नव्हता. ती जरा बोट हलवी आणि इंजिन जरा मंद होई. आमच्यापुढे ती लाट दांड्यावर फुटली, पांढरी झाली, आणि तिच्या फेसातून आम्ही खाडीत शिरलो. आत पाणी असं निवांत होतं की मला राग आला.

बंदरावर सगळं गाव जमलं होतं. मालक स्वतः धोतर वर धरून पाण्यात उतरला आणि त्यानं भासऱ्यांना मिठी मारली. कोणी गुलाल आणला, कोणी हार. भासरे म्हणत होते, "मी नाई, हिनं. अवो, हिनं हाकली." लोक म्हणाले, काय विनयी माणूस! त्यांना खरं ऐकायला मिळालं होतं आणि त्यांनी ते घेतलं नाही. पार्बताबाई तिकडे तांडेलाच्या कपाळावरची चिंधी सोडून हळद भरत होती. तिच्या दोन्ही तळव्यांची साल निघाली होती, त्यात हळद झोंबत होती. मला म्हणाली, "माणिक, तुहं लुगडं वाया गेलं वो."

आम्ही घरी परतलो. सासूबाईंना सगळं कळलं, पण त्यांच्या मनात एकच राहिलं, सुनेनं चार लोकांत नवऱ्याला "दे" आणि "सोड" म्हटलं! पुढे चार वर्षांनी भासरे आणि पार्बताबाई कायमचे अंजनगावला आले, तेव्हा सासूबाईंनी पहिला प्रश्न तोच केला. "नवऱ्याले बैलावानी हाकललं म्हन्ते?" भासरे म्हणाले, "माय, त्या दिवशी बैल होतो म्हून जित्ता हाओ." सासूबाई उठून तिच्यापाशी गेल्या. मग त्यांनी पार्बताबाईचे दोन्ही हात ओढून उलटे केले, तळवे पाहिले, आणि पदरानं डोळे पुसले. त्या बाईला मी तोवर कधी रडताना पाहिलं नव्हतं.

आता विहिरीवर मोट नाही, इंजिन आहे. ते सकाळी पार्बताबाई स्वतः सुरू करते. आम्ही दोघी पानमळ्यात वेली बांधतो, भांडतो, पुन्हा बांधतो. मागच्या आठवड्यात, हे लिहायला घेतल्यावर, मी तिला विचारलं. एवढ्या वर्षांत विचारलं नव्हतं. म्हटलं, "जाऊबाई, आमी नऊ जनं बोंबलत होतो, तुमचा नवरा बी. तुमी एकट्या बाहीर कशा वळल्या? भेव नाई वाटलं?"

ती वेलीची गाठ मारत होती. गाठ पुरी मारून मग बोलली.

"भेव कसं नाई वाटन? मी त भेवानंच पयले काठाकडं गेलती. पन पाह्य, तुमी सारे मले शिव्या देऊन राह्यले होते. काठाले घे, काठाले घे. अन् एक बी मानूस उठून माह्या हातातून सुकाणू घ्याले आला नाई. तवा मले समजलं का कोनाले काईच येत नाई. मंग म्हनलं, जे दिसते तेच करू."

ती पुढच्या वेलीकडे गेली. मी तिथंच उभी राहिले. त्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडले होते, आणि तेव्हा माझे दोन्ही हात रिकामे होते.